रत्नागिरीत बदली झालीय? मग जूनपासून सुरुवात करू

बदल्यांच्या ऑर्डरी निघतात मे अखेरीस, त्यामुळे रत्नागिरीत नवा माणूस येतो तो ऐन पावसाच्या तोंडावर. बँकवाले, शिक्षक, सरकारी ऑफिसातले क्लार्क, सगळे एकाच पंधरवड्यात उतरतात. हातात दोन बॅगा आणि एक घडीची छत्री. ती छत्री पहिल्याच आठवड्यात उलटी होते आणि त्याच आठवड्यात माणसाचं मतही पक्कं होतं : गाव ओलं, झोपाळू, इथे काही नाही. आमच्या शेजारच्या भाड्याच्या खोल्यांत असे कितीतरी आले आणि गेले. त्यांना ओटीवर बसून जे सांगत आलो तेच इथे क्रमाने लिहितो. क्रम महिन्यांप्रमाणे आहे. मतं माझी आहेत. एखाद्या गाववाल्याला पटली नाहीत तर त्याने खुशाल वाद घालावा, त्याची आम्हाला हौसच आहे.

पहिला दिवस : उतरणं

रेल्वे स्टेशन गावात नाही. ते कुवारबावच्या बाजूला आहे आणि तिथून बाजारपेठ सहा-सात किलोमीटर. हे माहीत नसलेला माणूस रात्री अकराला उतरून ‘गाव कुठे गेलं’ म्हणून बघत राहतो. रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवा, नंतरच्या हुज्जतीला अर्थ नसतो. दिवसा सामान कमी असेल तर शहर बस बरी.

पत्ता सांगायला दोन खुणा पाठ करा : मारुती मंदिर आणि जयस्तंभ. मारुती मंदिर वर, बाजार आणि समुद्र खाली. ‘खाली जाऊन येतो’ म्हणजे बाजारात जाऊन येतो. वर साळवी स्टॉप, नाचणे ही नवी वस्ती, फ्लॅट तिकडेच. खाली राम आळी, टिळक आळी, गोखले नाका, आणि त्याहून खाली मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा.

पहिल्याच दिवशी तीन माणसं तुम्हाला विचारतील, ‘गाव कुठचं तुमचं? मूळचे कुठले?’ ही चौकशी नाही, हा आमचा नमस्कार आहे. सरळ सांगून टाका. ‘पुण्याचा’ म्हणालात तर ‘ते राहता कुठे ते झालं, गाव कुठचं?’ असा पुढचा प्रश्न येणारच.

पहिला आठवडा : घर, आणि पश्चिमेची खिडकी

इथे मी स्वतः फसलोय, म्हणून जरा सविस्तर.

लग्नानंतर आम्ही वेगळं घर भाड्याने घेतलं ते मे महिन्यात. दुसरा मजला, पश्चिमेला गॅलरी, गॅलरीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. संध्याकाळी तिथे बसून चहा. मालकाने भाडं सांगितलं, आम्ही घासाघीससुद्धा केली नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे उठलो तर चपला हॉलभर तरंगत होत्या. गॅलरीच्या दारातून नुसती झड आत येत होती. झड म्हणजे आडवा पाऊस, वाऱ्याने भिंतीवर मारलेला. त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत आमचं दार गोणपाट आणि जुन्या चादरी लावून बंद होतं, आणि लग्नातला कोट कपाटात हिरवा झाला.

तेव्हा घर बघताना समुद्र दिसतो का ते विचारू नका. विचारा : झड कुठून येते? पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर हात फिरवा, रंगाचे पापुद्रे सुटलेले असतील तर समजून जा. खिडकीवर पुरेसं छज्जं आहे का बघा. दुसरा प्रश्न पाण्याचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो त्या गावात एप्रिल-मेमध्ये नळाला दिवसाआड पाणी येतं अशी वर्षं आम्ही पाहिली आहेत. खाली सगळा जांभा दगड, पाणी धरतच नाही. आवारात विहीर असलेलं घर मिळालं तर थोडं जुनाट असलं तरी घ्या. तिसरी गोष्ट, मालक शाकाहारी असेल तर मासळीचं आधीच स्पष्ट बोलून घ्या. नंतर कुकरच्या शिट्टीआड बांगडा तळता येत नाही, वास जिन्यावरून खाली उतरतोच.

दुरुस्तीला माणूस पाहिजे असेल तर एक भाषांतर लक्षात ठेवा. ‘येतो उद्या’ म्हणजे या आठवड्यात. ‘बघूया’ म्हणजे नाही. गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि शिमग्यात ‘येतो’ म्हणालाच तर तो तुमची समजूत काढतोय.

जुलै : उघडीप मिळाली की पायी निघा

लोक म्हणतात पावसाळ्यात रत्नागिरीत बघायला काही नाही. मला उलट वाटतं. गावाची बांधणी समजायची तर पाऊस पडत असतानाच बघायला हवी, कारण ती पावसासाठीच झालेली आहे.

टिळक आळीपासून सुरुवात करा. लोकमान्यांचं जन्मस्थान तिथे आहे. २३ जुलै १८५६ चा जन्म, आणि दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेलं. पुढारी येतात, हार घालतात, फोटो काढून जातात. तुम्ही हार न घालता घर बघा. जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पडवी, ओटी, मग माजघर. पाऊस आधी पडवीवर आपटतो, तिथे त्याचा जोर मोडतो, ओटीपर्यंत नुसता गारवा पोचतो. पन्हाळीवरून पागोळ्या गळत असताना त्या पडवीत पाच मिनिटं उभे राहा, मग शेजारच्या नव्या बिल्डिंगकडे बघा. सपाट स्लॅब, आणि त्याच्यावर निळा किंवा हिरवा पत्रा.

या पत्र्यांवर बाहेरचे लोक हसतात. दिसायला वाईट आहेत हे मलाही मान्य. पण पत्रा हा घरमालकाने दिलेला कबुलीजबाब आहे : बिल्डरने सपाट छप्पर दिलं, ते दुसऱ्या पावसात गळलं, मग आम्ही वरून पुन्हा उतरतं छप्पर घातलं. आजोबांनी जे पहिल्यांदाच केलं होतं ते नातवाने दोनदा पैसे देऊन केलं.

जांभा जवळून बघा. खाणीतून नुकताच काढलेला चिरा तांबडालाल आणि मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. हवा लागली की कडक होतो. दोन-चार पावसाळे झाले की काळा पडतो, त्याच्या भोकांत शेवाळ धरतं, मग नेचे. गडग्यावरचं, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावरचं हे हिरवं पांघरूण जुलैत जितकं दाट दिसतं तितकं पुन्हा नाही. हल्ली चिऱ्यावर प्लास्टर करून वर ऑइलपेंट मारायची पद्धत आलीय. का, ते मला अजून कळलेलं नाही. भिंतीला श्वास घ्यायला जागा राहत नाही आणि रंग दोन वर्षांत फुगून येतो.

पाखाड्यांवरून जपून उतरा. चिऱ्याच्या त्या पायऱ्या पावसात साबणासारख्या होतात. गावचे लोक कडेकडेने उतरतात ते उगाच नाही.

ऑगस्ट : मासळी

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या काळात हॉटेलात ‘ताजी सुरमई’ म्हणून जे येतं ते बर्फातलं असतं. त्यापेक्षा सुकट, सोडे, सुके बोंबील घ्या, किंवा पहिल्या पावसात चढणीचे मासे मिळाले तर बघा. नारळी पौर्णिमा झाली की मिरकरवाड्याच्या बंदराला खरी जाग येते.

जेटीवरचा लिलाव एकदा जरूर बघा, पण तो व्यापाऱ्यांसाठी आहे. मधे उभे राहिलात तर टोपलीचा धक्का बसेल आणि वर बोलणीही. आपली खरेदी बाजारात, वाट्यावर. वाटा म्हणजे मांडलेला ढीग, त्याचा एक भाव.

मासळीवालीशी कसं बोलायचं नाही ते सांगतो. आमच्याकडे आलेल्या एका साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘मावशी, ताजी आहे ना?’ मावशी म्हणाली, ‘नाय ओ, शिमग्याला धरली ती तुमच्यासाठी ठेवलीय.’ आजूबाजूच्या चौघी हसल्या. साहेब ओशाळले आणि त्या ओशाळेपणात वाटा तिने सांगितला त्या भावाने घेऊन आले.

विचारायचं नाही, बघायचं. कल्ला उचलून बघा, आतून लालभडक हवा. डोळा फुगीर, अंग ताठ. बांगडा शेपटीकडून धरला तर वाकून लोंबता कामा नये. मग भाव अर्धा करून मागू नका, तो अपमान होतो. थोडा कमी सांगा आणि ‘वर दोन टाका’ म्हणा. पैसे ती सोडणार नाही, दोन चिंगळं मात्र टाकेल. चार वेळा तिच्याकडेच गेलात की पाचव्या वेळी ती स्वतः सांगते, ‘आज नको घेऊ गो बाय, उद्या ये.’ तेवढ्यासाठी चार वेळा महाग घ्यायला हरकत नाही. आणि सुरमई-पापलेटच्या पलीकडे जा. सौंदाळा, लेप, बळा, मोदकं स्वस्त असतात आणि गावात घरोघरी तेच शिजतं.

हॉटेलांचं काय? गावात जागोजागी ‘मालवणी थाळी’चे बोर्ड दिसतील. मालवण वेगळ्या जिल्ह्यात आहे. तिथलं जेवण उत्तमच, पण रत्नागिरीत येऊन मालवणी खायचं म्हणजे कोल्हापुरात जाऊन नागपुरी रस्सा मागण्यासारखं. आपल्या माणसांना नावाजलेलंच पाहिजे म्हणून बोर्ड लागतो. त्याऐवजी चार टेबलांची घरगुती खानावळ शोधा, जिथे फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं आणि दीड वाजता त्यातलं निम्मं पुसलेलं असतं. बांगड्याच्या कालवणात तिरफळ आहे का बघा. सोलकढी गुलाबी चटक असेल तर मला शंका येते. सोलांची कढी मळकट गुलाबी दिसते, आणि थोडा वेळ ठेवली की वर नारळाचं दूध वेगळं दिसतं.

दुपारी एक ते चार बाजारात जाऊ नका. बरीच दुकानं बंद असतात. दुकानदार जेवून आडवा झालेला असतो आणि शटर वाजवलंत तर गिऱ्हाईक म्हणून तुमची किंमत कमी होते.

दिवाळीनंतर : पाहुणे येतील, त्यांना काय दाखवाल?

आता स्थळांकडे. एव्हाना तुमच्याकडे पहिले पाहुणे आलेले असतील आणि ते इंटरनेटवरून यादी काढून आणतील.

थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ साली इंग्रजांशी हरला, दुसऱ्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला १९१० साली, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम सहा वर्षं तो इथे राहिला. पाहुण्यांना हे आधी सांगा, नाहीतर ते मैसूरसारखा राजवाडा मनात धरून येतात आणि नाराज होतात. हा सरकारी बंगला आहे, इंग्रजी हिशेबातला, उतरत्या छपराचा, अर्धगोल लाकडी खिडक्यांचा. आत वस्तुसंग्रहालय आहे, ते मला यथातथाच वाटतं. सोमवारी बंद. पण वरच्या खिडकीपाशी उभे राहा आणि विचार करा, की मंडालेहून आणलेला माणूस इथून रोज काय बघत असेल. त्याची थोरली मुलगी मायदेशी जाऊन पुन्हा इथेच परत आली, आणि राजाची नात इथल्या साध्या वस्तीत मराठी बोलत म्हातारी झाली. गावातल्या जुन्या माणसांना ती आठवते. या गोष्टीची एक नीट पाटी तरी कुणी लावायला हवी होती. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते. तिथे संध्याकाळीच जा.

पतितपावन मंदिर यादीत बहुधा खाली असतं, मी ते वर ठेवेन. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना १९३१ साली हे मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. इमारत म्हणून साधं आहे, डोळे दिपण्यासारखं काही नाही. पण देवळात कोण शिरू शकतो यावर भांडणं चालली होती त्या काळात ते बांधलं गेलं हे माहीत असेल तर सभामंडपात थोडं थांबावंसं वाटतं.

रत्नदुर्ग. घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंनी पाणी, वर भगवतीचं देऊळ, टोकाला दीपगृह. भुयाराच्या कथा सांगणारे भेटतील, ऐकून घ्या. माझ्यासाठी किल्ल्याचं मोल वरून दिसणाऱ्या मिरकरवाडा बंदरात आहे. सूर्य खाली जाताना होड्या एकेक करून आत येतात ते तिथून दिसतं.

समुद्रकिनारे भराभर सांगतो. मांडवी : वाळू काळी, त्यात इल्मेनाइट हे खनिज आहे, घाण नव्हे. पाहुणे नाक मुरडतात, मुरडू द्या. भाट्ये : लांबलचक, सुरूचं बन, पहाटे चालायला गावातली उत्तम जागा. आरे-वारे : वरच्या वळणावरून बघायचा समुद्र. खाली उतरा, पाय भिजवा, पोहायला जाऊ नका. गणपतीपुळ्यालाही तेच. देवळासमोर शांत दिसणारं ते पाणी भल्याभल्यांना ओढून नेतं, दर वर्षी कुणीतरी जातं. पाहुण्यांतला कुणी ‘मला येतं पोहायला’ म्हणाला की आधी त्याच्यावरच लक्ष ठेवा.

आणि मिऱ्याचं जहाज. जून २०२० च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्यावर रुतलं आणि वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलं. लोकमान्यांच्या जन्मस्थानात पाऊल न टाकलेली किती माणसं त्याच्याबरोबर फोटो काढून आली याचा हिशेब नाही. आम्ही हसायचो आणि आमचे पाहुणे आले की त्यांनाही तिकडेच घेऊन जायचो.

यादीत नसलेल्या दोन जागा. पहिली, पानवलचा रेल्वे पूल. माझ्या मते रत्नागिरीच्या आसपास गेल्या शंभर वर्षांत झालेलं सगळ्यात देखणं बांधकाम हेच. चौसष्ट मीटर उंच, पातळ खांबांवर उभा. वरून गाडीतून जाताना काहीच कळत नाही, खाली पानवलात जाऊन मान वर करून बघायला हवा. गाडी गेली की आवाज उशिरा पोचल्यासारखा वाटतो. दुसरी, कातळशिल्पं. मुंबईकडून येताना भोक्याच्या आधीचं स्टेशन उक्षी, मधे तो साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा. उक्षीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कोरलेला अखंड हत्ती आहे. कोकणातल्या अशा नऊ जागांचं नाव २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं, उक्षी त्यातलीच एक. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी नुसता तापलेला कातळ. पावसात जाऊ नका, गवत आणि पाणी. चपला काढून कडेने चाला, रेषांवर उभं राहून फोटो काढू नका, आणि तिथल्या गावकऱ्यांनी जागा राखलीय त्यांच्याशी दोन शब्द बोला.

फाल्गुन : शिमगा

या दिवसांत रजा टाका. ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी निघते, रस्ते बंद, ऑफिसात निम्मी माणसं नाहीत. पालखी तुमच्या वाडीत आली की बाल्कनीतून मोबाइल धरून उभे राहू नका, खाली या. नाचवणाऱ्यांत कुणी तुम्हाला खांदा द्यायला बोलावलं तर जा. त्या दिवसापासून तुमचं ‘भाडेकरू’ हे नाव सुटतं.

एप्रिल-मे : आंबा, म्हणजे परीक्षा

ओले काजूगर फेब्रुवारी-मार्चमध्ये खाऊन घ्या, ते नंतर मिळत नाहीत. मग हापूस.

मार्चची पहिली पेटी मिरवण्यासाठी असते. खाण्यासाठी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत थांबा. पेटी डझनावर मोजतात. त्याच पेटीत चार डझन मावले तर फळ मोठं, सहा डझन मावले तर लहान. मोठं म्हणजे गोड असं काही नाही. वरचा थर सगळ्यांचाच देखणा असतो, हात घालून खालचा बघा. कर्नाटकचा हापूस रत्नागिरीच्या नावाने विकला जातो हे उघड गुपित आहे. २०१८ पासून कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तरी रस्त्याकडेच्या स्टॉलवर जीआय कोण विचारतो? आपला आंबा पिकला की सालीला सुरकुत्या पडतात आणि घरभर वास सुटतो. पिवळाधमक, टणक आणि बिनवासाचा असेल तर पुढे चला. सरळ बागायतदाराकडून, आढीत पेंढ्यावर पिकवलेला घ्यावा. देवगडचा चांगला की रत्नागिरीचा, हा विषय मात्र कुणापुढे काढू नका, जेवण थंड होतं.

आमसूल घेताना ओलसर, काळपट घ्या. कोकम आगळ म्हणजे मिठातला रस, साखर घातलेलं ते सरबत. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात आणि दर वर्षी कुणीतरी आगळात थंड पाणी घालून पाहुण्यांना देतो.

आता फोन सुरू होतील. जी मावसबहीण बदली झाल्यावर ‘अरेरे’ म्हणाली होती ती विचारेल, ‘एक पेटी मिळेल का रे घरच्या भावात?’ हो म्हणा, पण एक आधीच सांगून ठेवा. वरून निर्दोष दिसणारा आंबाही कापल्यावर आत पांढरट निघू शकतो, त्याला साका म्हणतात, आणि तो बाहेरून आम्हालाही ओळखता येत नाही. साका जास्त निघाला तर बागायतदाराला कळवा. ओळखीचा असेल तर पुढच्या पेटीत चार फळं वर टाकतो. पेट्या गाडीत स्वतःबरोबर न्यायच्या असतील तर स्टेशनला तासभर आधी निघा, मे महिन्यात रिक्षा मिळत नाही.